चावडीवरची दवंडी

"मग याला सोंग का म्हणत नाही तुम्ही?"

बाजीनाथनं विचारलं आणि आरशात बघत ओठावरची मिशी दाबून धरली. डिंक सुकायला थोडा वेळ लागतो.

तात्या शेगर कोपऱ्यातल्या ट्रंकेवर बसले होते. जन्म सगळा बहुरूप्याचा. कधी जमादार, कधी वैद्य, कधी साधू होऊन ते दारोदार फिरले आणि मिळेल त्या पसाभर धान्यावर जगले. बाजीनाथला आवाज फिरवायला, चाल बदलायला त्यांनीच शिकवलं. आता तो घाटाखालच्या एका मोठ्या थीम पार्कात पाटील होता. पगारी पाटील. आपलं काम गुरूनं एकदा डोळ्यांनी बघावं, म्हणून त्यानंच त्यांना आग्रह करून बोलावलं होतं.

"काय कमी आहे इथं?" तो म्हणाला. "चावडी आहे, पार आहे, विहीर आहे. वड फायबरचा आहे, पण लोक त्याच्या सावलीत बसतात. माणसं आपल्या गावाकडं वर्षानुवर्षं फिरकत नाहीत, अन् इथं उन्हात रांग लावतात. परवा एक साहेब पाराला टेकून रडले. जन्म सगळा शहरात गेलेला."

"खरंच रडले?"

"डोळ्यांनी पाहिलं मी."

"हं..."

"आणि तुम्ही दारात उभे राहिलात, तर लोक टीव्हीकडची मानसुद्धा वळवत नाहीत."

हे बोलायला नको होतं, असं त्याला लगेच वाटलं. पण तात्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"येताना एक गाव लागलं," ते म्हणाले. "नवी चावडी बांधलीय. हुबेहूब तुमच्या इथल्यासारखी. सरपंच म्हणाला, पार्कात बघून आलो."

"बघा की."

"बघितली. कुलूप होतं."

बाजीनाथनं मिशीचं टोक दाबलं. मग पुन्हा म्हणाला, "माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही दिलंत."

"सोंग घेतलं की निभवावं लागतं, बाजी. तुमचं फाटक संध्याकाळी बंद होतं."

त्याला ते पटलं नाही. त्यानं पागोटं चढवलं, उपरणं झटकलं. मनाशी ठरवलं, आज असा पाटील उभा करतो की म्हाताऱ्यानं तोंडात बोट घालावं.

चावडीपुढं गर्दी होती. कुठल्याशा बचत गटाच्या बायका सहलीला आल्या होत्या. लाउडस्पीकरवर जात्यावरच्या ओव्या चालू होत्या. बाजीनाथ तक्क्याला रेलून बसला, मिशीवरून हात फिरवला, आणि रोजच्यासारखं गर्दीतलं एक माणूस हेरलं. रोजचा खेळ तसाच असे. कुणावर तरी चोरीचा आळ घ्यायचा आणि शिक्षा म्हणून उखाणा घ्यायला लावायचा.

"ही बघा," तो गरजला. "गावातली कोंबडी हिनंच चोरली."

बोट एका म्हाताऱ्या बाईकडं होतं. बायका हसल्या. "घ्या अक्का, घ्या उखाणा," म्हणत त्यांनी तिला पुढं ढकललं.

ती हसली नाही.

"मी न्हाई चोरली."

"पुरावा आहे." बाजीनाथनं उशीखालून पीस काढून दाखवलं. आणखी हशा.

"मी न्हाई चोरली," ती म्हणाली. आवाज तोच. ना चढा, ना पडका.

मग तिनं चपला काढल्या आणि चावडीच्या पायरीखाली जमिनीवर बसली.

"पाटील, मी चंपाची लेक हौसा. तुमच्या घरी आई धुणीभांडी करायची. पाटलिणीची बुगडी हरवली, तुमी माज्यावर आळ घेतला. परकर-पोलक्यातली पोर व्हते मी. दवंडी पिटली तुमी, हौसा चोर हाय म्हणून. आईला गाव सोडाया लावलं."

हसू हळूहळू ओसरलं. दोघीतिघींनी मोबाइल वर धरले होते, ते खाली आले.

"बुगडी मागनं गव्हाणीत गावली. बैलाच्या वैरणीत. आमाला लई वर्सांनी कुणीतरी सांगितलं. पर चोरीची दवंडी पिटली तशी गावल्याची न्हाई पिटली. आई चोराची आई म्हणूनच गेली."

बाजीनाथ पुढं वाकला. मिशीआडून हळूच पुटपुटला, "आजी... हे नाटक आहे."

"कळतंय मला, लेकरा. तू खोटा हाईस." तिनं त्याच्याकडं मायेनं बघितलं. "खरा कवाच मेला. त्याची चावडी पडली, तितं आता पतपेढी हाय. मी सांगू कुणाला?"

आणि पदर सावरून, ताठ बसून म्हणाली, "पाटील, निवाडा द्या."

"अक्का, उठा," बाया म्हणाल्या. "बस सुटंल."

"सुटू द्या."

गर्दीच्या कडेला पार्कच्या मॅनेजर प्रधानबाई उभ्या होत्या. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडं बोट दाखवलं. पुढची तुकडी खोळंबली होती.

 असल्या वेळेला काय बोलायचं, ते बाजीनाथला कुणी लिहून दिलं नव्हतं. एक विनोद जिभेवर आला. तो केला असता तर सगळे सुटले असते. त्यानं गर्दीत तात्यांना शोधलं. आता तेच काहीतरी करतील...

तात्यांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. डोक्याची टोपी नीट केली, मांडी घालून जमिनीवर बसले आणि हात जोडून मान खाली घातली. खऱ्या पाटलापुढं रयत बसावी तसे.

त्यांचं बघून एक बाई बसली. मग दुसरी. मग सगळ्याच.

उभा माणूस असा जवळपास उरलाच नाही.

बाजीनाथनं विनोद गिळला. तक्क्या मागं सारला, पाय खाली घेतले.

"हौसा," तो म्हणाला. आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "बुगडी कुणाला सापडली?"

"गड्याला."

"मला कळलं होतं?"

"कळलं व्हतं. पाटलीण तीच बुगडी घालून देवळात आलती म्हणं."

"म्हणजे मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसलो."

"व्हय."

त्यानं कोंबडीचं पीस बाजूला ठेवलं. मग उभा राहिला.

"हौसानं चोरी केली नाही. चंपा चोराची आई नव्हती. चोर या चावडीवर बसला होता. दवंडी पिटा."

दवंडीवाला जेवायला गेला होता. रोज तो जेवणाच्या आणि पाण्याच्या घसरगुंडीच्या वेळा ओरडून सांगत फिरायचा. त्याची हलगी खुंटीला होती. तात्या गुडघ्यावर हात देऊन उठले, हलगी काढली आणि चालू लागले.

"ऐका हो ऐका... चंपाची लेक हौसा, हिनं बुगडी घेतली न्हाई... बुगडी गव्हाणीत गावली हो..."

प्रधानबाई हातातल्या वॉकीटॉकीवर काहीतरी बोलल्या. स्पीकरवरच्या ओव्या थांबल्या.

कुंभाराच्या खोट्या चाकावरून, कोरड्या विहिरीवरून, बर्फघराच्या रांगेवरून तो फाटका आवाज फिरून आला. रांगेतली माणसं वळून बघत राहिली. कुणाला काही कळलं, कुणाला नाही.

शेवटची थाप विरेपर्यंत हौसाबाई बसून होती. मग उठली, लुगडं झटकलं.

"चला गं," ती म्हणाली. "बस सुटंल."

प्रधानबाई चावडीपाशी आल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "ठरवून दिलंय त्याच्या बाहेरचं इथं चालत नाही, बाजीनाथ. उद्या ऑफिसात या."

"येतो, मॅडम. पण कोंबडीचा खेळ मी आता करणार नाही. काढायचं असेल तर काढा."

त्या पुढच्या तुकडीकडं वळल्या.

खोलीत आल्यावर बाजीनाथ पागोटं मांडीवर घेऊन बसून राहिला. मिशी काढायचंही त्याला सुचलं नाही.

"तात्या..."

"बोल."

"एका मेलेल्या माणसाला मी भर चावडीत चोर ठरवलं. दुसरीला सोडवलं. मी कोण? पगारी पाटील. मला काय अधिकार होता?"

तात्या बोचक्याची गाठ मारत होते. ती मारून झाली. त्यांनी बोचकं खांद्याला लावलं, दारापर्यंत गेले, आणि वळले.

"अधिकार होय?... अधिकार त्या खऱ्या पाटलाला होता. काय केलं त्यानं त्याचं?"