उद्याच्या उरुसाचा ढोल

“मग हसीनाआपाला तुम्ही बाई मानता, ते कशावरून?”

चिन्मय देवस्थळीनं हे विचारलं तेव्हा याकूबबाबा ढोलाची दोरी ताणत होते. त्यांची नात सकीना उंबऱ्याशी कोळंबी सोलत बसली होती. हा प्रश्न कधीतरी येणार, हे ती दोन वर्षं ओळखून होती.

खाडीकाठच्या त्या दर्ग्याभोवती सिद्दींची अकरा घरं. पूर्वज कधीकाळी आफ्रिकेतून आलेले. उरुसाचा मोठा ढोल सिद्दीच्याच हाती, असा रिवाज. चिन्मय बाबांचा शागीर्द. हात उत्तम, पण उरुसाला त्यानं बाजूला बसायचं. आणि उरूस उद्यावर आलेला.

“आपा मुलगा म्हणून जन्मली. तिनं सांगितलं, तुम्ही मानलंत. मीही मनानं सिद्दीच आहे. मग माझंच तेवढं खोटं?”

शेजारची हसीना आतून पदराला हात पुसत येत म्हणाली, “मी काय बाजारात जाऊन पसंत केलं नाही रे. तसं असतं तर काहीतरी सोपं नसतं का घेतलं?”

“मीही पसंत केलं नाही, आपा. आतूनच आहे.”

हेच हसीनानं एकदा स्वतःच्या बापाला सांगितलं होतं.

बाबांनी ढोल खाली ठेवला...

“सकीना, पुण्याच्या त्या खोलीवाल्या बाईंचा नंबर दे ह्याला.”

सकीनानं मान वर न करता नंबर सांगितला. पाठच होता. नर्सची नोकरी मिळाली होती, खोली फोनवर ठरली होती. दारात तिचा काळा रंग, कुरळे केस बघून बाई म्हणाल्या, खोली कालच गेली हो. पुढं आणखी पाच दारं तशीच. आणि येत्या सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं.

“खोली माग,” बाबा म्हणाले. “सिद्दी म्हणून माग.”

चिन्मयनं स्पीकरवर फोन लावला. खोली रिकामीच होती.

“नाव काय आपलं?”

“...चिन्मय देवस्थळी.”

“अहो, मग या की. आज संध्याकाळीच या.”

फोन बंद झाला.

“सवयीनं निघालं, बाबा.” त्याचे डोळे भरले होते. ते अश्रू खोटे नव्हते, हेही सकीनाला दिसलं.

बाबांनी ढोल उचलून त्याच्या मांडीवर ठेवला.

“घे. उद्या तूच वाजव. तू सिद्दी झालास, कबूल... आता सोमवारपुरतं माझ्या ह्या पोरीला दुसरं काही होता येतं का, तेवढं त्या बाईंना विचारून सांग.”