भरल्या भांड्याचा धडा

"शब्द खरा आणि हेतू खोटा असेल, तर त्या माणसाला खोटारडा म्हणायचं की नाही, आप्पा?"

आप्पा मांडीवर सूप घेऊन शेंगदाणे निवडत होते. एक किडका दाणा सापडला, तो त्यांनी उंबऱ्यापलीकडे टाकला आणि पुन्हा सुपात बोटं घातली.

उदयन साखळकरला वाट पाहायची सवय नव्हती. पुण्याच्या एका रविवार पुरवणीत तो गेली सहा वर्षं 'बोलकी लेबलं' नावाचं सदर लिहीत होता. पुड्यावर काय छापलंय आणि आत काय भरलंय, जाहिरातीत लोणचं घालणारी आजी नक्की कुणाची आजी आहे, हे तो असं सोलून दाखवायचा की कंपन्यांची माणसं त्याच्या नावाने बोटं मोडायची. लेखाच्या शेवटी तो कंपनीच्या हेतूला दहापैकी गुण द्यायचा. लोक आधी तेच वाचायचे आणि मग वाटलं तर लेख.

आणि हे आप्पा, म्हणजे मल्लाप्पा. उभी हयात त्यांनी तेलाचा घाणा चालवला होता. बायको गेल्यावर ते नदीकाठच्या मठीत राहायला आले, येताना घाणाही घेऊन आले. गावातले लोक दाणे आणून द्यायचे, आप्पा दिव्यापुरतं तेल काढायचे, उरलेलं ज्याला हवं त्याला. कुणी काही विचारायला आलं की आधी त्याच्या हाताला काम लावायचे. कॉलेजात असताना उदयन घाण्यावर प्रकल्प करायला म्हणून इथे आला आणि तेव्हापासून त्यांना गुरू मानू लागला. त्यांनी त्याला शिष्य मानलं की नाही, हे विचारायची गरज त्याला कधी वाटली नाही.

एरवी वर्षातून दोनदा तरी तो यायचा. या खेपेला दीड वर्ष गेलं होतं. का गेलं, ते तो बोलला नाही आणि आप्पांनी विचारलं नाही.

त्याने पिशवीतून एक बाटली काढून पुढे ठेवली. मोठ्या कंपनीचं शेंगतेल. वर ठसठशीत अक्षरांत 'कोलेस्टेरॉल नाही' असं छापलेलं आणि शेजारी लाल बदाम.

शेंगतेलात कोलेस्टेरॉल मुळात नसतंच, हे त्याने आप्पांना समजावून सांगितलं. जे कधी नव्हतंच, ते काढून टाकल्याची ही मिजास. शब्दात पकडायला जागा नाही, पण मनात काय आहे ते उघड आहे. म्हणून त्याने या कंपनीच्या हेतूला दोन गुण दिले होते.

"दोन," आप्पा म्हणाले. "आन् हेतू बघितलास कुठं?"

"दिसतो, आप्पा. इतकी वर्षं लेबलं वाचल्यावर दिसायला लागतो."

आप्पांनी मान हलवली. पटलं म्हणून की नुसतीच, ते कळायला मार्ग नव्हता.

मग उदयनने कागदांचा गठ्ठा काढला. निवडक लेखांचं पुस्तक निघत होतं. सोमवारी ते छापायला जायचं होतं आणि पहिल्या पानावर आप्पांचे दोन शब्द त्याला हवे होते. आप्पांना लिहिता येत नसे, तेव्हा ते सांगतील आणि हा लिहून घेईल, असा बेत होता.

आप्पांनी गठ्ठा हातात घेतला नाही. पहिला लेख कोणता, एवढंच विचारलं.

उदयनने नदीकडे पाहिलं. "आहे एक... तेलावरचाच आहे."

"बरं," आप्पा म्हणाले. "आधी एक काम कर. देवळातल्या समईला तेल द्यायचंय. त्या लोटीत अर्धा किलो तोल."

आढ्याला जुना तराजू टांगलेला होता. काम सोपं होतं आणि उदयनला सुटल्यासारखं वाटलं. त्याने पितळी लोटी एका पारड्यात ठेवली, दुसऱ्यात अर्ध्या किलोचं वजन टाकलं आणि पळीने तेल ओतत गेला. काटा मधोमध आला. थेंबभर जास्त झालं, तेही त्याने पळीने काढून घेतलं. अशा बाबतीत तो चोख होता.

"झालं, आप्पा."

"धडा केलास?"

उदयन खुलला. आप्पा मुद्द्यावर आले, असं त्याला वाटलं. "तेच तर करतोय सहा वर्षं. या पुस्तकाने सगळ्यांना चांगला धडा मिळेल बघा."

आप्पा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांना हसू आलं, पण ते फार टिकलं नाही.

तराजूखाली पत्र्याचा एक डबा होता, त्यात नदीतले खडे. तेल मोजण्याआधी रिकामं भांडं एका पारड्यात ठेवायचं आणि काटा मधोमध येईपर्यंत दुसऱ्यात खडे टाकायचे, म्हणजे भांड्याचं वजन भांड्यापाशीच राहतं. घाण्यावरची माणसं त्याला धडा करणं म्हणतात. तोलणाऱ्याचं हे पहिलं काम. उदयनने प्रकल्पाच्या वहीत ते कधीकाळी चित्रासकट उतरवून घेतलं होतं आणि त्याला चांगले गुणही मिळाले होते.

आता अर्ध्या किलोत निम्मं पितळ होतं.

त्याचे कान तापले. 'निव्वळ वजन' या दोन शब्दांवर त्याने अख्खा लेख लिहिला होता. वेष्टनाचं वजन मालात धरणाऱ्या एका मिठाईवाल्याची त्यात त्याने अशी हजेरी घेतली होती की वाचकांची पत्रं महिनाभर येत होती.

"विसरलो," तो म्हणाला. "आता करतो." आणि त्याने डब्यातले मूठभर खडे उचलले.

"कसा करशील?" आप्पांनी विचारलं. "भांडं भरलंय की."

उदयनने लोटीकडे पाहिलं.

लोटीतलं तेल हललं आणि थांबलं. घाटावर कुणीतरी कपडे आपटत होतं. पुस्तकातला पहिला लेख कुणावर आहे, ते या म्हाताऱ्याला ठाऊक आहे, हे त्याला त्या क्षणी कळलं. कदाचित दीड वर्षापासून ठाऊक असेल.

त्याने खडे डब्यात सोडले आणि तो भिंतीला टेकून खाली बसला.

पिशवीच्या तळाशी आणखी एक बाटली होती. ती आणायची की नाही यावर त्याने घरी दोनदा पिशवी भरली होती आणि दोनदा उपसली होती. आता त्याने ती काढली आणि आप्पांच्या सुपाशेजारी ठेवली. लेबल साधंच, तालुक्याला छापलेलं. 'जोगाई महिला गट. लाकडी घाण्याचं शेंगतेल.' त्यातल्या 'लाकडी घाण्याचं' या शब्दांवर काळ्या पेनाने रेघ मारलेली.

आप्पांनी रेघेवरून अंगठा फिरवला. "मालनचाच हात," ते म्हणाले. "सरळ रेघ कधी जमली न्हाई तिला."

मालन मठीमागच्या गल्लीतली. आप्पांच्याच हाताखाली घाणा शिकली होती. पुढे तिने सात बायका जमवल्या, गट काढला, तेल पुण्यापर्यंत जायला लागलं. मग एके दिवशी त्यांच्या घाण्यातला उभा बाभळीचा ओंडका मोडला. नवा घडवून येईपर्यंत दोन महिने गेले. मागण्या आलेल्या होत्या, म्हणून तेवढे दोन महिने त्यांनी गिरणीतून तेल आणून भरलं. लेबलं आधीचीच होती.

उदयनने ते शोधून काढलं. गिरणीवाल्याशी बोलला, मग मालनला फोन केला. ती सांगायला लागली की ओंडका मोडला होता, दादा, म्हणून गिरणीचं भरलं, पण आमी बाटलीवर... आणि गिरणीचं तेल भरल्याचं तिने कबूल केलंय एवढं ऐकून त्याने फोन ठेवला. त्याने तपासलेल्या बाटलीवर रेघ नव्हती. तेलकट हातांनी ती केव्हाच पुसली गेली असणार. लेख झकास उतरला. गरिबीचा आणि परंपरेचा मुखवटा लावून केलेली लूट, असं त्यात होतं. हेतूला त्याने शून्य गुण दिले. तोवर शून्य कुणालाच मिळालं नव्हतं.

महिन्याभरात गट बंद पडला. नवा ओंडका बसवलेला घाणा भंगारात गेला.

एवढं आप्पांनाही ठाऊक होतं. पुढचं फक्त उदयनला ठाऊक होतं.

"ही दुसरी बाटली..." तो म्हणाला. "ही मला लेख छापून आल्यावर मिळाली, असं मी सगळ्यांना सांगितलं. स्वतःलाही सांगत आलो. तसं नव्हतं, आप्पा. लेख मी गुरुवारी पाठवला आणि त्याच संध्याकाळी ही बाटली माझ्याच स्वयंपाकघरात सापडली. छापायला दोन दिवस होते. एक फोन केला असता तर लेख थांबला असता."

"मग?"

"लेख फार चांगला झाला होता."

हे वाक्य त्याने आजवर कुणापाशी उच्चारलं नव्हतं. उच्चारल्यावर ते किती छोटं आहे, ते त्याला दिसलं. सात बायकांचं काम एवढ्या वाक्यापायी गेलं होतं. त्याला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त वाईट वाटलं, कारण लाज वाटून आता कुणाचंच काही परत येणार नव्हतं.

आप्पांनी सूप बाजूला ठेवलं. रागावतील असं उदयनला वाटलं, रागावले असते तर त्याला बरंच वाटलं असतं. ते रागावले नाहीत. दमलेल्या माणसासारखे बसून राहिले.

"एकदा मला घेऊन बसली व्हती ती," ते मग म्हणाले. "अडीचशे बाटल्या व्हत्या. रात्री भरल्या, सकाळी रेघा मारल्या. मी म्हटलं, मालन, कोण बगतंय? तर म्हणाली, वाचणारं कोन तरी असंल की."

उदयनने मान खाली घातली. वाचणारा तोच होता...

त्याने गठ्ठा ओढला, वरची सहा पानं काढली आणि त्यांची घडी करून खिशात घातली. पुस्तकात हा लेख जाणार नाही, म्हणाला. त्या जागी जे खरं घडलं ते तो लिहील, गुरुवार संध्याकाळसकट. पुस्तक लांबलं तर लांबू दे. आप्पांनी ऐकून घेतलं आणि शाब्बास वगैरे काही म्हटलं नाही.

मालन आता कुठे असते, त्याने विचारलं.

इचलकरंजीला, आप्पांनी सांगितलं. नवऱ्याबरोबर गेली. बाजारात शेंगदाणे, तीळ, गूळ असलं घेऊन बसते. आठवड्यातून एकदा मठीत फोन करते, पण तेलाचा विषय काढत नाही.

"मी जातो तिच्याकडे. आजच जातो," उदयन म्हणाला. आणि बोलता बोलता त्याचं मन जुन्या सवयीने जुळवाजुळव करायला लागलं. तो म्हणाला, की बाटलीवरची रेघ पुसली गेली होती हे तिला आधी सांगायला हवं, म्हणजे गैरसमज कसा झाला ते तिला कळेल. शिवाय गिरणीचं तेल भरलं होतं, ते तर खोटं नव्हतं. आणि सदराचा वाचक मोठा, त्याची एक जबाबदारी असते, तेही जरा नीट...

तो बोलायचा थांबला. आप्पा उठले होते.

त्यांनी पारड्यातली लोटी उचलली आणि त्याने इतक्या चोखपणे मोजलेलं सगळं तेल पुन्हा तेलाच्या डब्यात ओतून टाकलं. पंच्याने लोटी आतून पुसली. मग ती त्याच्या हातात दिली.

"तिच्याकडं तोलून घ्यायला जायाचं," ते म्हणाले, "तर भांडं रिकामं ने."