गुळव्या आणि पुराचा ऊस

नदीकाठच्या एका गावात एक गुऱ्हाळ होतं, आणि ते कुणा एकट्याचं नव्हतं. तीस शेतकऱ्यांनी मिळून ते उभं केलं होतं. ऊस त्यांचा, आणि गूळही गावाच्या नावानं बाजारात जायचा. तिथं चौदा माणसं राबायची. कुणी ऊस गाळायचा, कुणी उकळत्या रसावरची मळी काढायचा, कुणी ढेपा भरायचा. या सगळ्यांचा पुढारी होता केरबा गुळव्या.

गुळव्या म्हणजे रसाचा गूळ कधी झाला हे ओळखणारा माणूस. मोठ्या काहिलीत रस रटरटत असतो. आत्ता कच्चा, तर जरा वेळानं करपलेला. त्या दोहोंच्या मधली वेळ धरायची आणि "उतरवा" म्हणायचं, एवढंच त्याचं काम. पण चौदा घरांची भाकरी त्या एका शब्दावर असते. केरबानं सव्वीस वर्षं ती वेळ बरोबर धरली होती. त्याचा गूळ बाजारात न बघता उचलत.

त्याच्या गुऱ्हाळावर एक रीत होती. रस पिकायला आला की केरबाशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. रीत उगीच पडली नव्हती. पूर्वी एकदा एकजण "उतरवा" आणि दुसरा "थांबा" असं एकदम ओरडला होता. काहील कलली आणि एका गड्याचा पाय भाजला. तेव्हा केरबानं ठरवलं, शब्द एकाचाच. पण हळूहळू माणसं इतर वेळीही गप्प राहू लागली. सगळे त्याला मामा म्हणत. काही विचारलं की म्हणायची, "मामा म्हणतील तसं." ते ऐकून केरबाला बरं वाटायचं. माणसं आपल्याला मानतात, असं त्याला वाटायचं.

त्या वर्षी नदीला मोठा पूर आला. काठचा ऊस नऊ दिवस पाण्यात उभा होता. पाणी ओसरलं, ऊस तगला, आणि दिवाळीनंतर गाळायला आला.

पहिलं आधण, म्हणजे काहीलभर रस, चुलीवर चढलं. केरबानं नेहमीसारखा रसाचा थेंब गार पाण्यात टाकला. चिमटीत गोळी वळली, म्हणजे गूळ झाला. "उतरवा," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी फडकी सोडून ढेपा बाहेर काढल्या, तर त्या बसल्याच नव्हत्या. कडेनं पाझरत होत्या. बोट टेकवलं की आत जायचं.

"रसात चुना कमी पडला," केरबा म्हणाला, आणि चुना घालणाऱ्याला चार शब्द सुनावले. दुसरं आधणही तसंच निघालं. तेव्हा तो चुलवाणाकडे वळला. काहिलीखालच्या खड्ड्यात बसून भैरू गाळलेल्या उसाची चिपाडं आत लोटायचा आणि जाळ राखायचा. अकरा वर्षं तो तिथं होता.

"भैरू, जाळ धड घालत न्हाईस तू."

"मामा, जाळाचं न्हवं ते. मला आपलं वाटतंय की..."

"तुला वाटतंय? खड्ड्यात बसून तुला काहील दिसती व्हय रं?"

सगळे हसले. भैरू हसला नाही. त्यानं हातातलं चिपाड खाली ठेवलं.

"उद्यापास्नं येऊ नगंस," केरबा म्हणाला.

भैरूच्या जागी दुसरा गडी बसला. जाळ भडभडून लागला. आणि तिसऱ्या आधणाचा गूळही पाझरला.

आता बाजारातून निरोप आला, असला गूळ पुन्हा पाठवू नका. शेतकऱ्यांचे प्रमुख श्रीपतअण्णा स्वतः गुऱ्हाळावर आले. ते केरबाला मानत होते, म्हणून आवाज चढवला नाही.

"केरबा, आणखी एक आधण बघतो. तेबी बसलं न्हाई, तर ऊस कारखान्याला तोडून देतो आणि हितं कुलूप घालतो. तीस घरांचा ऊस असा पाझरून कसा चालंल?"

अण्णा गेले. केरबा आपल्या माणसांकडे वळला. "बोला रं. काय चुकतंय आपलं?"

कुणी जमिनीकडे पाहिलं, कुणी आभाळाकडे. मग एकजण हळूच म्हणाला, "मामा म्हणतील तसं."

एरवी गोड वाटणारं ते वाक्य त्या दिवशी केरबाला भीती घालून गेलं. गुऱ्हाळावर माणसं एवढी होती, पण डोळे दोनच उरले होते, आणि त्या दोन डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

त्याला सुटायची वाट होती. "पुराचा ऊस, त्याला कोण काय करणार?" असं म्हटलं असतं तर गावानं मान डोलावली असती. गुळव्याची लाज राहिली असती. गुऱ्हाळ मात्र गेलं असतं. आणि जाळाचा दोष नव्हता, हे तर त्याला तिसऱ्या आधणालाच कळलं होतं. कळूनही तो दोन दिवस गप्प बसला होता. तेच त्याला जास्त टोचत होतं.

दुपारी तो भर गावातून चालत भैरूच्या घरी गेला. पारावरची माणसं बघत राहिली. भैरूची बायको शेवंता दारात जोंधळं पाखडत होती.

"या गुळवे, या. आमच्या चुलीचा जाळ तपासाय आलासा? तोबी कमीच हाय बघा सध्या."

"बोल शेवंता. आज मला बोलणी खायचीच हाईत," केरबा म्हणाला.

सुपातला एक खडा तिनं उगीचच दोनदा वेचला आणि आत बघून म्हणाली, "अवो, मामा आल्यात."

भैरू बाहेर आला. केरबानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"भैरू, तुझा जाळ बरोबर हुता. मी तुला उगीच घालवला. त्या दिवशी तू कायतरी सांगत हुतास, मी सांगू दिलं न्हाई. आता सांगशील?"

भैरूनं शेवंताकडे पाहिलं. मग म्हणाला, "मामा, हितं सांगू का गुऱ्हाळावर?"

केरबाला कळलं. हसली होती ती माणसं तिथं होती, दारात नव्हती.

"गुऱ्हाळावर," तो म्हणाला. "सगळ्यांम्होरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काहील चढायच्या आधी केरबानं सगळ्यांना गोळा केलं. "भैरूचा दोष न्हवता. चूक माझी हुती. त्याला हसलो त्यातबी पहिला मीच. आता त्यो काय म्हणतोय ते ऐका."

भैरूनं घसा खाकरला. "माझं आजोळ पार नदीच्या पोटात. तिथला ऊस दर साली बुडायचा. पुराच्या उसाचा रस उतावळा. वरनं पिकल्यागत दिसतोय, पण खालनं आवाज हलका येतोय. जाळ जरा वढायचा, दुसऱ्यांदा मळी वर येऊ द्यायची, ती काढायची, मग पुन्हा जाळ. काहिलीचा आवाज जड झाला की गूळ झाला. मी खड्ड्यात बसतोय म्हणून ऐकू येतोय."

मळी काढणारा कोंडिबा एकदम म्हणाला, "व्हय की! दुसरी मळी मला रोज दिसत हुती."

"मग बोलला न्हाईस का रं?" केरबानं विचारलं.

"रस पिकताना तुम्ही बोलू देता व्हय मामा? माझ्या धोतराला आग लागली तरी मी तुम्हाला इचारून इझवीन."

सगळे खो-खो हसले. या वेळी भैरूही हसला. केरबाही हसला, पण जरा उशिरा.

भैरू पुन्हा चुलवाणाच्या खड्ड्यात उतरला. आधण चढलं. फेस आला, मळी निघाली, रस तांबूस झाला. केरबानं थेंब पाण्यात टाकला. गोळी वळली. सव्वीस वर्षांच्या सवयीनं त्याचा हात वर गेला, तोंड उघडलं.

"मामा, थांबा!" खड्ड्यातून आवाज आला.

गोळी केरबाच्या चिमटीत होती. त्याचं बोट सांगत होतं, झालं, झालं. आता थांबून रस करपला तर सगळं संपलं. तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्यानं हात खाली घेतला.

जाळ मंद झाला. थोड्या वेळानं रसावर मळकट साय धरली. कोंडिबानं ती भराभर ओढून काढली. पुन्हा जाळ लागला. खड्ड्यातून एकदा आवाज आला, "अजून न्हाई." पुन्हा आला, "अजून जरा." मग भैरू म्हणाला, "जड झाला बघा, मामा."

केरबानं पुन्हा थेंब टाकला, गोळी वळली आणि काहिलीच्या काठावर आपटली. टण् असा आवाज झाला.

"उतरवा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीपतअण्णा आले. पहिल्या ढेपेचं फडकं सुटलं. ढेप उभी राहिली. पाझरली नाही, खचली नाही. अण्णांनी तिच्यावर अंगठा दाबला. अंगठ्याचा ठसा काही उठला नाही. त्यांनी एक कपरा फोडून तोंडात टाकला, डोळे मिटले, आणि हातातली कुलपाची किल्ली बंडीच्या खिशात खोल ढकलली.

"दुसरं आधण चढवा की," ते म्हणाले. "बघत काय बसलाय?"

त्या दिवसापासून गुऱ्हाळावर बोलणं सुरू झालं. "उतरवा" हा शब्द केरबाचाच राहिला, पण त्याआधी ज्याला जे दिसेल, ऐकू येईल, ते तो सांगायचा. कधी ते चुकीचं निघायचं. तेव्हा केरबा "बरं झालं सांगितलंस" म्हणायचा आणि पुढं व्हायचा.

आणि त्याच दुपारी, काहिलीत रस तापत असताना, केरबा चिपाडाच्या ढिगाला टेकला आणि चक्क झोपी गेला. असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. कोंडिबा पाय न वाजवता फिरत होता. रस तांबूस व्हायला लागला तेव्हा भैरूनं खालून हाक मारली, "मामा, उठा आता. येळ झाली."

तात्पर्य: गुऱ्हाळ असो की शेकडो माणसांची कचेरी, शेवटचा शब्द एकानं द्यावा, पण त्याआधी सगळ्यांचं ऐकावं. हाताखालच्या माणसाला "थांबा" म्हणायची भीती वाटू नये, आणि आपली चूक चारचौघांत सांगायला पुढाऱ्याला लाज वाटू नये; अशा पुढाऱ्यालाच निवांत झोप लागते.