हिरोजीच्या खडकावरचा दोर

दांडखोलच्या खाडीच्या तोंडाशी, भरतीच्या पाण्यात अर्धा बुडणारा एक काळा खडक आहे. त्याला माणसाच्या छातीच्या उंचीवर आरपार भोक आहे आणि त्या भोकाच्या कडा दोर घासून घासून गुळगुळीत झाल्या आहेत. त्याला हिरोजीचा खडक म्हणतात. चाळीस वर्षं समुद्रावर काढलेल्या तांडेलाचा, म्हणजे होडीच्या म्होरक्याचा, मान नारळी पौर्णिमेला त्या खडकावर होतो, एवढंच मला लहानपणापासून ठाऊक होतं.

मान मी कधी पाहिला नव्हता; शाल, श्रीफळ, ढोल, असं काही असेल असं समजत होते. सात वर्षं मी स्कॉटलंडमध्ये शिकले. तिथल्या बंदरात एका म्हाताऱ्या खलाशाला निरोप देताना पाहिलं होतं. सगळे रांगेत उभे राहिले, घंटा वाजली, आणि तो सलाम घेत धक्क्यावर उतरला. यंदा माझ्या बाबांचा, रावजी तांडेलांचा, मान व्हायचा म्हणून मी तशीच एक पितळी घंटा घेऊन आले. आणि गावात आल्यावर कळलं की मान म्हणजे घरच्या माणसाने तांडेलाचे दोन्ही हात काथ्याच्या दोराने त्या खडकाला बांधायचे. भरतीचं पाणी गुडघ्याला लागेपर्यंत त्याने तिथेच उभं राहायचं. मग सोडायचं. त्यानंतर त्याने सुकाणूला जन्मात हात लावायचा नाही.

मी हादरले. ज्या हातांनी चाळीस वर्षं गाव पोसला ते हात चोरासारखे बांधायचे? दोन दिवसांत मी तहसीलदारांच्या नावे अर्ज लिहिला, ही प्रथा बंद करा म्हणून. पहिली सही बाबांनीच केली. "माझा चेडू शिकान इलां ता फुकट नाय," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला लेकीच्या कौतुकाने सांगत होते. घाईत त्यांची सही कोऱ्या जागेवर न पडता मजकुरावरच पडली. मी हसले आणि तो कागद तसाच ठेवला.

मानाचा एक नियम आहे. दोर घरच्याच माणसाने बांधायचा, आणि मनापासून. घरचं कुणी पुढे आलं नाही तर मान होत नाही, आणि तांडेल दुसऱ्या दिवशी नव्या हंगामाची होडी काढतो. बाबांची चाळीस वर्षं गेल्याच साली भरली होती. तेव्हा आईने दोर हातात घेतला नाही, मला भाऊ नाही आणि मी परदेशात होते.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी मी अर्ज घेऊन जिवबाकाकांकडे गेले. जिवबा मेस्त बाबांच्या होडीवरचे सगळ्यात जुने खलाशी. ते ओटीवर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. अर्ज त्यांनी वाचला नाही. खडकाकडे बोट केलं आणि म्हणाले, "सही मगे करतंय. आधी ऐक."

त्यांनी सांगितलं ते असं.

फार पूर्वी, शिडांच्या काळात, दांडखोलात हिरोजी नावाचा तांडेल होता. त्याच्या मचव्यावर, म्हणजे शिडाच्या होडीवर, सुकाणूवरच्या हाताला कुणी टोकायचं नाही, असा नियम होता. टोकलं तर समुद्र कोपतो, असं मानत. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली एक खडप आहे, दातेरी खडकांची रांग. ते चुकवायचं तर देवळाचा कळस आणि डोंगरातली खाच एका रेषेत आली की वळायचं. अलीकडेही नाही, पलीकडेही नाही. आज इंजिनं आली, यंत्रं आली, तरी तिथे अजून डोळ्यांच्याच भरवशावर वळतात.

समुद्रावरच्या चाळिसाव्या वर्षी म्हणे हिरोजीची नजर गेली. एकदम नव्हे, ओहोटीसारखी. त्याची मुलगी सगुणा हिला ते पहिल्यांदा कळलं. तो माशाचे काटे बोटांनी चाचपू लागला होता. बापाला लाज वाटू नये म्हणून ती ताटात वाढण्याआधीच काटे काढू लागली. त्याबद्दल कुणीच कधी बोललं नाही. मचव्यावर भागोजी नावाचा खलाशी होता, त्यालाही कळलं. पण टोकायचं कसं? म्हणून खाडीच्या तोंडाशी आलं की भागोजी आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणायचा, "कळस आज झकास दिसता." कळस खाचेत आला की तो हे म्हणणार आणि हिरोजी वळणार. अशी तीन वर्षं गेली. बापाचा मान राहिला, नियमही राहिला.

चौथ्या वर्षी एका फेरीला भागोजी तापाने घरी पडला. दिवस स्वच्छ होता, भर दुपार, वारा मंद. सगुणा या खडकावर उभी राहून मचवा येताना पाहत होती. मचव्यावर हिरोजीसकट अकरा माणसं होती, त्यात त्याचे दोन मुलगे. कळस खाचेत आला. मचवा वळला नाही. बाकीच्या दहा जणांपैकी कुणी तोंड उघडलं नाही. ज्याला त्याला वाटलं, आपण कोण टोकणार, तांडेलाला दिसतच असेल. मचवा सरळ खडपावर गेला आणि फुटला. वादळ नाही, लाट नाही. दहा माणसं गेली.

हिरोजी जिवंत निघाला. सगुणेने त्याला या खडकावर ओढून घेतलं. त्याने एकच विचारलं असं सांगतात.

"कळस दिसत होतो काय गो?"

"सगळ्यांका दिसत होतो, बाबा."

मग हिरोजीने आपले दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाला, "बांध." तिने मचव्याच्याच तुटक्या दोराने बांधले. पाणी गुडघ्याला लागेपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग गावाला म्हणाला, चाळीस वर्षं झाली की प्रत्येक तांडेलाला इथे बांधा. ज्याला दिसतं त्यालाही, ज्याला नाही त्यालाही. म्हणजे कुणाचे हात कशासाठी बांधले हे कुणाला कळायचं नाही, आणि कुणाला लाज वाटायची नाही. बांधायचं मात्र घरच्याने. कारण पहिल्यांदा कळतं ते घरच्याला.

"सुटलेलो दोर देवळात टांगतत, नावासकट," जिवबाकाका म्हणाले. "नव्या हंगामाचो पयलो नारळ त्याच तांडेलाच्या हातान. मान म्हणजे ह्यो."

मी विचारलं, "मग दोर भिजवून का बांधतात? आवळावा म्हणून ना?" ते मी अर्जात लिहिलं होतं.

"सुको काथ्यो म्हाताऱ्या कातडीक कापता. भिजवलो की मऊ होता." मग तेलाची वाटी बाजूला ठेवत ते जरा हसले. "शिकलेल्या माणसान आधी दोराक हात लावन बघुचो, मगे अर्ज लिवचो."

मी उठायला लागले तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "गेली दोन वर्सां तुझ्या बापसाच्या बाजूक बसान मीच सांगतंय, कळस आज झकास दिसता. औंदा माझो गुडघो गेलो. मी जाणार नाय. होडयेर नऊ जण आसत."

मी अर्जाची घडी घालून घरी आले. आई जेवायला वाढत होती. बाबांच्या ताटात सुरमईचा तुकडा होता, एकही काटा नसलेला. आल्यापासून चारही दिवस तो तसाच होता. मी ते पाहिलं होतं आणि मला ते प्रेम वाटलं होतं. प्रेमच होतं ते. आईने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

दांडखोलात आजही तांडेलाचे हात बांधतात. आजही कळस आणि खाच एका रेषेत येतात, आणि पाण्याखालचं खडप आहे तिथेच आहे. देवळात बावीस दोर टांगलेले आहेत. त्यांतले कोणते आंधळ्याचे आणि कोणते डोळसाचे, ते सांगता येत नाही.

पौर्णिमेच्या सकाळी मी अर्ज चुलीत घातला. माळ्यावरचा काथ्याचा दोर काढला आणि परसात बादलीत सोडला. बाबा आत नवा सदरा घालत होते.

"कसलो आवाज तो?" त्यांनी आतून विचारलं.

"दोर भिजत घातलाय, बाबा. मी बांधणार आहे."

ते दारापर्यंत आले, चौकट हाताने धरून उभे राहिले.

"गोड्या पाण्यात घाल गो," ते म्हणाले. "खाऱ्या पाण्यान हात चुरचुरतत."