सात गवंड्यांची गोष्ट

करंजगडाच्या पायथ्याशी भानुपंत पंतोजींची शाळा भरत असे. एके दिवशी त्यांनी मुलांना सांगितलं, "गोष्ट रचायला माणसं लागतात, जागा लागते, अडचण लागते आणि शेवट लागतो. आता तुम्ही एक रचा."

सगळ्या मुलांनी एकच गोष्ट रचली. गडाचा बुरूज खचत होता. काम थांबवा म्हणून गवंड्यांनी हात जोडले, पण किल्लेदाराने ऐकलं नाही. बुरूज कोसळला आणि सात गवंडी त्याखाली गाडले गेले.

गोष्ट खरी होती आणि उरलेले गवंडी अजून तोच बुरूज पुन्हा उभारत होते, म्हणून ती गडावर पोचायला वेळ लागला नाही. किल्लेदार उदाजीरावाने पंतोजींना भर सदरेत उभं केलं.

"ही गोष्ट बदलून शिकवायची, नाहीतर जीभ छाटीन. आधी माणसं बदल."

पंतोजींनी मान लववली. "बदलली, सरकार. किल्लेदाराच्या जागी राक्षस घालतो."

कोणीतरी खोकलं. उदाजीरावाचा चेहरा काळवंडला. "जागा बदल."

"बदलली. गड नको, दूरचं एखादं बेट घेतो."

"आणि शेवट गोड कर."

पंतोजी हलकेच म्हणाले, "तेवढं माझ्या हातात नाही, सरकार. ते सात जण जिवंत करून परत पाठवा, मी आज संध्याकाळीच शेवट गोड करतो."

सदरेच्या दाराशी जमलेले उरलेले गवंडी किल्लेदाराकडे एकटक बघत होते. बऱ्याच वेळाने उदाजीरावाने, जा, असा हात केला. दुसऱ्या दिवशी बुरुजाचं काम थांबलं.

शाळेत मुलांनी विचारलं, "पंतोजी, शेवट कोणता लिहायचा?"

"झाला तोच," पंतोजी म्हणाले.