लाखबंद रांजण

एका राज्यात घराण्याच्या गोष्टी रांजणात भरून ठेवायची रीत होती. वडीलधाऱ्यांनी रांजणाच्या तोंडाशी बसून सगळी हकिकत सांगायची, तोंड लाखेने बंद करायचे आणि रांजण राजवाड्याच्या तळघरात नातवंडांसाठी ठेवून द्यायचा. तळघराचा राखणदार कालकेतू मांत्रिक म्हणे, "सांगितलेली गोष्ट झिजते, झाकलेली टिकते." लोकांना ते पटले होते.

पण जो गोष्ट झाकून ठेवी, त्याच्या मनातून ती पुसली जाई, आणि गोष्टीतली माणसेही. राजा पद्मसेनाने आपला रांजण बंद केला आणि दुसऱ्याच दिवशी लेकीला विचारले, "बाई, आपण कोण?"

राजकन्या इरावतीला धीर कधीच नव्हता. ती तडक तळघरात उतरली.

"आमचा रांजण द्या."

"तीन कामे कर," कालकेतू म्हणाला. "हजार रांजणांतून तुमचा ओळख. कुठेही न टेकवता शंभर पायऱ्या वर ने. मग तो दरबारात फोडून गोष्ट सांग. चुकलीस तर पक्षी होशील."

"एवढेच ना?"

"सावकाश गं बाई," कोनाड्यातली साळुंकी म्हणाली. "मी कुंभारीण होते, मीही अशीच घाईत चुकले. तेव्हापासून दाणे टिपते आहे."

इरावतीने रांजणांना कान लावला. कुठे रडणे, कुठे भांडण. एकात कोणी खाकरले आणि म्हणाले, "इरा, बैस इथे." बाबांची ही हाक ऐकली की ती आजवर पळून जाई. तिने रांजण उचलून खांद्यावर घेतला.

पायरीगणिक त्यात एकेक पूर्वज जागा होई आणि ओझे वाढे. पण कान रांजणालाच टेकलेला होता. वडिलांची गोष्ट तिने जन्मात प्रथमच शेवटपर्यंत ऐकली. तिचे डोळे भरून आले.

दरबारात तिने रांजण फोडला आणि भराभर सांगू लागली, "पणजोबा लग्नाला निघाले ते पांढऱ्या घोड्यावरून..."

"चुकली!" कालकेतू ओरडला. इरावतीच्या बोटांना पिसे फुटली. पिसे कोपरापर्यंत चढली.

सिंहासनावरून राजा उठला. "घोडा? कसला घोडा? खेचर होते ते! तेही उसने! भर नदीत जाऊन बसले! इरा, किती वेळा सांगितले तुला?"

दरबार खो खो हसला. पिसे गळून पडली.

"चूक ती चूकच!" कालकेतू म्हणाला.

"झाली चूक, आणि बाबांनी सुधारली," इरावती म्हणाली. "रांजण कधी कोणाला सुधारतो का?"

मांत्रिकाचे बोल खोटे ठरले आणि तो जागीच जळून गेला. तो होता तिथे मूठभर राख उरली. साळुंकीची चूक तिच्या म्हाताऱ्या भावाने सुधारली आणि ती पुन्हा कुंभारीण झाली. हजार रांजण घरोघरी परतले. लाख फुटली, गोष्टी जेवणाच्या पंगतीत आल्या.

इरावतीने वडिलांच्या पायांवर डोके ठेवले. "बाबा, तुम्ही मला टोकलेत, फार उपकार झाले."

"आता तू सांग," राजा म्हणाला. "मी टोकतो."

पद्मसेनाला जशी लेक परत मिळाली, तशी तुमची गोष्ट तुम्हाला मिळो, आणि ती चुकली की टोकणारे माणूस घरात असो.