बेसला किती जागा लागते?

वडाळवाडीच्या शिक्षणसंस्थेची गाडी आठवड्यातून एकदा वस्त्यांवर पुस्तकं घेऊन जायची. एरवी तिच्यातून संस्थेचे अध्यक्ष अप्पासाहेब मिरवायचे. एकदा त्यांनी गाडीजवळच ग्रंथपाल हेमांगी तळेकरला बोलावलं.

“मॅडम, गाडीतल्या गाण्यांना बेसच नाही. ढोलकी वाजते की डबा, कळत नाही. मागच्या पुस्तकांच्या पेट्या उतरवा. तिथं मोठा वूफर बसवायचाय.”

“आणि पोरांनी वाचायचं काय?”

“मग पेट्या न हलवता बेस वाढवून दाखवा! जमलं तर राहतील पेट्या.” अप्पासाहेब हसले, म्हणून भोवती जमलेले सगळेच हसले.

हेमांगीने गाणं लावलं. आवाज एकाच बाजूला वळवला, तर ढोलकी ठीक वाजत होती. दोन्ही बाजू सुरू केल्या की गायब व्हायची. तिने गाडीच्या एका दाराचं आवरण काढून आतल्या स्पीकरच्या दोन तारांची अदलाबदल केली. ढोलकी अशी घुमली की काचा थरथरल्या.

“नवीन काय बसवलंत?” अप्पासाहेब चकित झाले.

“काहीच नाही. एक स्पीकर हवा पुढे ढकलायचा, तेव्हाच दुसरा मागे ओढायचा. तुमचं आणि उपाध्यक्षांचं चालतं तसं.”

शेजारी उभे असलेले उपाध्यक्ष खाकरले. अप्पासाहेबांनी डोळे वटारले. “उलट्या तारा कुणाच्या होत्या, तेवढं सांगा!”

“त्यानं काय फरक पडतो, अप्पासाहेब? दोघांपैकी कुणाही एकाच्या फिरवल्या की भागतं.”

या वेळी अप्पासाहेबांच्या आधीच सगळे हसले. त्यांनी उपाध्यक्षांकडे पाहिलं, मग पेट्यांकडे.

“राहू द्या पुस्तकं,” ते म्हणाले.